पासपोर्टनंतरचा एक जास्तीचा फोटो: मिरजेच्या स्टुडिओवाल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलो की "जा, चहा सांगून ये" म्हणून तुम्ही मला दुकानाबाहेर काढता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथून कुठे घालवाल?

तुमच्याकडे आलो तेव्हा मी पतसंस्थेत कारकून होतो आणि रविवारचा फोटोग्राफर. गळ्यात कॅमेरा, त्याला ५० एमएमची लेन्स, आणि कृष्णेच्या घाटावर, उरुसात, भाजी मंडईत जो चेहरा आवडेल तो टिपायचा. पांढऱ्या मिशा, सुरकुत्या, फेटे. मित्र वाहवा करायचे. तुम्ही सगळे फोटो सावकाश पाहिलेत आणि म्हणालात, "हे चेहरे आधीच चांगले होते. तू काय केलंस?" माझं उत्तर यायच्या आत पुढचं वाक्य आलं, "संस्था सुटली की येत जा. पासपोर्ट काढ."

पासपोर्टचं काम म्हणजे हौशी माणसाला शिक्षाच वाटते. मागे पांढरा पडदा, सपाट उजेड, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, आठ कॉप्या, पुढचा या. पण त्या स्टुलावर बसणारा माणूस मी निवडलेला नसायचा. भरतीचा फॉर्म भरणारा पोरगा, पेन्शनच्या कागदांसाठी आलेले आजोबा, दवाखान्यातून तशीच धावत आलेली, रात्रभर न झोपलेली बाई. हौसेपुरतं काढायचं तर चेहरा आवडावा लागतो. धंद्यात जो समोर बसेल त्याच्यात काहीतरी शोधावं लागतं. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. नुसतं स्टुलासमोर उभं केलंत.

आणि तुमचा तो जास्तीचा फोटो! पासपोर्ट झाला की तुम्ही "झालं" म्हणायचात. समोरच्याचे खांदे खाली यायचे. कुणी पायाने चप्पल चाचपायचं, कुणी पदर सारखा करायचं, कुणी विचारायचं, "डोळे मिटले नाहीत ना?" तेवढ्यात डाव्या हाताने उजेड परतवणारा थर्माकोल चेहऱ्याजवळ सरकवून तुम्ही आणखी एक काढायचात. "हा कशाला?" असं विचारलं तर "असू दे." पैसे नाहीत. रोलच्या काळातल्या निगेटिव्ह पाकिटात, पाकिटावर आडनाव आणि गाव, पाकिटं चपलांच्या खोक्यात. कॅमेरा डिजिटल झाला तरी फाइलला नाव तसंच, आडनाव आणि गाव. मला वाटायचं, म्हातारपणाचा छंद.

मग एक दिवस बेडगचा एक माणूस आला. वडील गेलेले, तेराव्याला फ्रेम हवी होती. मोबाइलमध्ये लग्नातला एक फोटो होता, त्यात वडील कडेला आणि अर्धा चेहरा वाढप्याच्या हाताआड. मी तो मोठा करून काही जमतंय का बघत होतो. तुम्ही माळ्यावरून खोकं काढलंत, पाकीट शोधलंत, निगेटिव्ह दिव्यासमोर धरलीत. टोपी नीट करता करता हसणारे गृहस्थ. प्रिंट हातात घेऊन तो माणूस म्हणाला, "दार उघडलं की असंच बघायचे." त्यानंतर मी पासपोर्टला शिक्षा म्हटलं नाही.

कार्शची गोष्ट तुम्ही दर गिऱ्हाइकाला सांगता, काकूंनाही पाठ झालीय. १९४१ साल, कॅनडातलं ओटावा, फोटोग्राफर युसुफ कार्शने ब्रिटनचा पंतप्रधान चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि तो रागावलेला जगप्रसिद्ध फोटो निघाला. तुमचा भर मात्र त्यानंतरच्या फोटोवर. चर्चिल हसला, आणखी एक काढायला परवानगी दिली, तोही फोटो आहे. "जगाला पहिला लागला. घरच्यांनी दुसरा लावला असता." यावर वाद घालता येईल, पण तुमच्याशी कोण घालणार?

बाकी तंत्राचं म्हणाल तर थोडंच शिकवलंत, पण घोटून. नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे नाही, आपण फार जवळ गेल्यामुळे. म्हणून ८५ एमएमची लेन्स घ्यायची आणि दोन पावलं मागे सरायचं. डोळ्यात उजेडाचा ठिपका नसेल तर बटण दाबायचं नाही. आणि स्थळांसाठी मुलीचा फोटो काढायला आलेल्या आईने "जरा उजळ करा हं" म्हटलं की तुमचं ठरलेलं उत्तर: "उजेड वाढवतो. रंग वाढवत नाही." एकदोन गिऱ्हाइकं गेलीसुद्धा. जाऊ दिलीत.

सतारमेकर गल्लीतलं काम तुमच्यामुळे मिळालं. मी पूर्वीच्या सवयीने मागचं सगळं धूसर करायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, मागे टांगलेले भोपळे पुसून टाकलेस तर हा माणूस कोण ते कसं कळणार? मागचंही ओळखू यावं म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, बारीक करून पाच पॉइंट सहावर नेलं. ते कारागीर जवारी काढत होते, म्हणजे सतारीचा सूर खुलवत होते: तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानशीचे दोन हलके हात, तार छेडायची, पुन्हा दोन हात. मी त्यांच्या बोटांवर फोकस धरून बसलो होतो. तुम्ही मागून हळूच म्हणालात, "हात नको, कान बघ." तार छेडली की त्यांची मान किंचित डावीकडे कलायची आणि डोळे कुठेच बघत नसायचे. तो फोटो दाखवल्यावर मला पोर्ट्रेटची पहिली मोठी ऑर्डर आली. संस्थेची नोकरी सोडली ती त्याच वर्षी.

दराचंही तुम्हीच सांगितलंत: "ओळखीच्यांकडून आधी घे. अनोळखी देतातच." हे मात्र अजून नीट जमत नाही.

आता माझ्याकडे कुणी फोटोला बसलं की मीही "झालं" म्हणतो आणि एक जास्तीचा काढतो. तुमच्या खोक्यांचं स्कॅनिंग 'न'पर्यंत आलंय. पाटील सुरू झाले की दिवाळी उजाडेल, कारण पाटलांचीच तीन खोकी आहेत. रविवारी ती न्यायला येतो, माळ्यावर तुम्ही चढू नका. काकूंना सांगा, जेवायलाच येतोय.

तुमचा,
संस्था सुटल्यावर येणारा