सई, नाव देण्याआधी

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी जबाब देणार आहे," आणि पुढे मी जे बोलत सुटले ते तू पूर्ण ऐकलंही नाहीस. बाबा म्हणाले, फोन नको करूस, पुन्हा भांडाल, त्यापेक्षा लिही. म्हणून लिहायला बसले. तुझ्या निर्णयाबद्दल काही बोलायचं नाही, असं ठरवलं आहे.

फक्त एक सांग. त्या जबाबावर तुझं पूर्ण नाव येणार का? पत्ता येणार का? ज्यांच्याविरुद्ध जबाब द्यायचा, ती माणसं परकी नाहीत. गणपतीत आपण त्यांच्याकडे आरतीला गेलो होतो. तुझी खोली त्यांनी पाहिली आहे. तू तळमजल्यावर राहतेस, एकटी.

त्या दिवशी सगळ्यांची पानं वाढून झाली, तरी त्यांच्याकडे कामाला असलेली ती मुलगी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. हे पाहिलंस तू. एवढ्या गर्दीत तूच आत गेलीस आणि तिला तिच्या गावाचं नाव विचारलंस. तिचा पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे आणि पगार कित्येक महिने हातात पडलेला नाही, हे तिने तुलाच सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. मला त्याचा अभिमान वाटतो. कालपासून शेजारच्या वहिनींना दोनदा सांगून झालं, अर्थात त्या घराचं नाव न घेता.

आणि रात्री झोप येत नाही.

बॉस्टनच्या बीकन हिलवर तू मला हट्टाने चालायला नेलंस, ते आता सारखं आठवतं. विटांचे ते उंचसखल फुटपाथ, माझे गुडघे, आणि ती टोपीवाली रेंजर मुलगी, जी प्रत्येक चढावर माझ्यासाठी थांबायची. आपण निघालो ते अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या काळ्या शिपायांच्या पलटणीच्या, ५४व्या मॅसेच्युसेट्स रेजिमेंटच्या, स्मारकापासून. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर आणि काळ्याला दहा, त्यातून पुन्हा कपड्यांचे तीन कापून. त्या पलटणीने पगारच घेतला नाही. राज्याने फरक भरून देतो म्हटलं, तरी घेतला नाही. लढत मात्र राहिले. तू मला स्मारकाच्या मागच्या बाजूला नेलंस. १८९७ साली उभारलं तेव्हा तिथे फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं होती. काळ्या शिपायांची नावं कोरायला १९८०चं दशक उजाडावं लागलं. तू त्या नावांवरून हात फिरवत होतीस आणि मी तुझा फोटो काढत होते.

मग ते फिलिप्स स्ट्रीटवरचं हेडन पती-पत्नीचं घर. आत जाता येत नाही, लोक राहतात. समोरच्या फुटपाथवर उभं राहून ऐकलं. लुईस हेडन केंटकीत गुलाम म्हणून जन्मला. त्याची पहिली बायको आणि मुलगा विकले गेले, ते त्याला पुन्हा कधी दिसले नाहीत. १८४४मध्ये तो दुसऱ्या बायकोला, हॅरिएटला, आणि तिच्या लहान मुलाला घेऊन पळाला. बॉस्टनला येऊन त्याने कपड्यांचं दुकान काढलं आणि पळून आलेल्यांसाठी घराचं दार उघडं ठेवलं. १८५०चा कायदा आला. पळालेल्याला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. तरी दार उघडंच. गुलाम पकडणारे आले तर घर उडवून देईन, पण माणूस देणार नाही, असं तो म्हणायचा, आणि पायरीखाली बंदुकीच्या दारूची पिंपं ठेवायचा.

तुम्ही सगळे लुईसकडे पाहत होतात. माझ्या डोक्यात हॅरिएट होती. त्याच पायरीवरून ती रोज ये-जा करत असेल. घरात पोरं. रात्री दार वाजलं की आधी तिचाच जीव धसकत असेल. मरताना तिने आपलं धन काळ्या विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी हार्वर्डला ठेवलं, हे कळलं तेव्हा मला तिथेच बसावंसं वाटलं.

त्याच घरात विल्यम क्राफ्टने आसरा घेतला होता. १८४८मध्ये तो आणि त्याची बायको एलन जॉर्जियातून निघाले. ती रंगाने उजळ, म्हणून आजारी गोऱ्या मालकाचं सोंग तिने घेतलं आणि तो तिचा नोकर झाला. तिला लिहिता येत नव्हतं. हॉटेलच्या वहीत सही करावी लागू नये म्हणून तिने उजवा हात झोळीत बांधला. बघ, त्या बाईने नाव लिहिणं टाळलं म्हणून ती वाचली. मी तेच सांगते आहे. साक्ष दे, पण नाव झाकून देता येत असेल तर तसं दे. वकिलाला विचार. विचारलंस का?

पुन्हा तेच. माफ कर.

तुला अप्पांचं पूर्ण कधी सांगितलं नाही. कारखान्याच्या त्या प्रकरणात त्यांनी कोर्टात नाव घेऊन साक्ष दिली. त्यानंतर आमच्या दारात हळदीकुंकवाला कुणी आलं नाही. माईने तरीही दर चैत्रात गौर मांडली, कैरीची डाळ वाटली, आणि संध्याकाळी ती आम्हा भावंडांनाच वाढली. शकूच्या लग्नाच्या वेळी काय झालं ते तुला ठाऊकच आहे. अप्पा कधी एका शब्दानेही हळहळले नाहीत. माई हळहळली, ती फक्त माझ्याजवळ.

आणि आजोळची बकुळा. ती कुठून आली होती, तिला काय मिळायचं, कुणी विचारलं नाही. माजघरात निजायची, सगळ्यांच्या मागून जेवायची. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री व्हायची, हे मी वर्गात शिकवलं. जोतिरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हेही शिकवलं. त्याच १८७३ साली लुईस हेडन मॅसेच्युसेट्सच्या विधिमंडळावर निवडून आला, हे मात्र मला तुझ्या त्या टेकडीवर कळलं. वर्गात सांगायला किती आवडलं असतं!

शेवटी स्मिथ कोर्टमधली काळ्या मुलांची शाळा. बेंजामिन रॉबर्ट्सच्या पाच वर्षांच्या साराला तिथे जायचं तर गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडाव्या लागायच्या. बापाने शहरावर खटला भरला, आणि तोही लेकीच्या नावाने. १८५०मध्ये हरला. १८५५मध्ये मॅसेच्युसेट्सने कायदाच केला की रंगावरून शाळेत प्रवेश नाकारायचा नाही. साराची अडवणूक झाली ते साल १८४८. तू माझ्या दंडाला चिमटा काढलास आणि मी रेंजरला भिडे वाड्याबद्दल सांगितलं, मोडक्या इंग्रजीत. तिने वहीत सावित्रीबाईंचं नाव लिहून घेतलं. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस तसं फार दिवसांत पाहिलं नव्हतंस.

तो बाप कसा निजला असेल गं, तिचं नाव कोर्टात दिल्यावर?

बाबांनी परवाच बँकेत चौकशी केली. ठेव मोडता येईल. वकिलाला लागतील तेवढे पैसे सांग, संकोच करू नकोस. जबाबाच्या आदल्या रात्री मैत्रिणीकडे राहा किंवा तिला बोलाव. दाराचं कुलूप बदलून घे. त्या मुलीला आत्ता कुठे ठेवलं आहे ते मला लिहू नकोस, फोनवरही सांगू नकोस. ती नीट जेवते का, तेवढं कळव.

तुझी,
आई

ता. क. पूर्ण नाव द्यावंच लागलं तर पासपोर्टवर आहे अगदी तसंच दे, बाबांच्या नावासकट. स्पेलिंगच्या फरकावरून त्यांच्या वकिलाला बोट ठेवायला जागा नको.