१२० दिवस कुठून मोजायचे?

महोदय,

गर्भपात आणि इस्लामी शास्त्र या विषयावरच्या आपल्या लेखात, गर्भात रूह (आत्मा) फुंकला जाण्याआधीचे १२० दिवस म्हणजे १७ आठवडे असे छापले आहे. भागाकार बरोबर आहे, पण सोनोग्राफीच्या अहवालावरचे १७ आठवडे ते हे नव्हेत. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि गर्भ राहतो तो त्यानंतर साधारण १४ दिवसांनी. प्रेषितांचे सहकारी इब्न मसूद यांनी सांगितलेल्या हदीसमधले (प्रेषितांच्या वचनातले) चाळीस-चाळीस दिवसांचे तीन टप्पे गर्भ राहिल्यापासूनचे. म्हणून १२० मध्ये १४ मिळवायचे : १३४ दिवस, अहवालावर १९ आठवडे १ दिवस. पाळी ३५ दिवसांची असेल, तर तारखेवरचा हिशेब आणखी आठवडाभर चुकतो. अशा वेळी ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीत भ्रूणाची लांबी मोजून ठरवलेले वय धरावे आणि त्यातून १४ दिवस वजा करावेत.

दोन आठवड्यांनी बरेच बिघडते. मक्केतल्या इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्र) परिषदेने १९९० मध्ये गंभीर, असाध्य व्यंग तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने पक्के केले आणि आईवडिलांनी मागणी केली, तर १२० दिवसांच्या आत गर्भपाताला मुभा दिली. इराणच्या २००५ च्या कायद्यातही मर्यादा चार महिन्यांचीच होती. व्यंग शोधणारी सोनोग्राफी होते १८ ते २० आठवड्यांत. १७ ला दार बंद मानणाऱ्या कुटुंबाला तिचा उपयोगच नाही. नीट मोजले तर १८ व्या आठवड्यात केलेल्या तपासणीनंतर आठवडाभर हाती राहतो. गर्भजल १६ व्या आठवड्यात काढले आणि गुणसूत्रांच्या अहवालाला तीन आठवडे लागले, की गाडी काठावर. नवराबायको दोघेही थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असतील, तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना तपासून घेणेच शहाणपणाचे.

अर्थात ही मुभा सर्वमान्य नाही. सुन्नी धर्मशास्त्राच्या पंथांपैकी बऱ्याच हनफी फकीहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) सबळ कारण असल्यास १२० दिवसांपर्यंत सवलत दिली, मालिकी पंथ कडक. कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफिई, आणि त्याच पंथाचे मध्ययुगीन विद्वान गझाली पहिल्या टप्प्यापासूनच विरोधात होते.

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातल्या दुसऱ्या एका हदीसमध्ये ४२ रात्रींनंतर कान, डोळे, त्वचा, मांस, हाडे घडवल्याचे येते. त्या दिवसांत भ्रूण जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा असतो. डोळ्यात रंग उतरलेला, पंजात बोटांच्या रेषा, पण सांगाडा कूर्चेचा. हाड धरू लागते सातव्या-आठव्या आठवड्यात. यावरून धर्मग्रंथाला पास-नापास करण्याचा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो. मला तो व्यर्थ वाटतो. हृदय २२ व्या दिवसाच्या सुमारास धडधडू लागते, मग रूह १२० व्या दिवशी कशी, हा प्रश्नही तसाच. रूह फुंकण्यापूर्वी गर्भात वनस्पतीसारखी वाढ आणि पोषण असते, असे चौदाव्या शतकात धर्मपंडित इब्न अल-कय्यिम लिहून गेले. त्यांच्या लेखी जीव असणे आणि रूह असणे वेगळे.

आपल्याकडच्या कायद्यातली २० आणि २४ आठवड्यांची मर्यादा (२०२१ ची दुरुस्ती) मात्र डॉक्टरी हिशेबाने, पाळीपासून धरली जाते. तिच्यात १४ दिवस मिळवू नयेत.

– एक प्रसूतितज्ज्ञ, रत्नागिरी