तक्त्यात उजेडाचा रकानाच नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत हौशी फोटोग्राफरांसाठी मॅन्युअल मोडवर (कॅमेऱ्याची सेटिंग सगळी आपणच ठरवायची तो मोड) लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, कारण गेली तीन वर्षं मी हेच शिकतेय. लेख तळमळीने लिहिलाय त्याबद्दल वाद नाही. पण ‘खरा फोटोग्राफर मॅन्युअलशिवाय काढतच नाही’ हे वाक्य आणि शेवटी दिलेला सेटिंगचा तक्ता, या दोन गोष्टींनी नवीन माणूस वैतागून कॅमेरा कपाटात ठेवून देईल असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

आधी तक्ता. त्यात लिहिलंय, मुलं खेळताना शटर १/५००, अॅपर्चर एफ ५.६, आयएसओ ४००. (शटर म्हणजे उजेड किती सेकंद आत घ्यायचा, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं, आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा.) आता हे तुम्ही भर उन्हात लावलंत तर फोटो पांढराफटक, आणि संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली लावलंत तर काळाकुट्ट, स्क्रीनवर फार तर खिडकी दिसेल. बरोबर कुठे येईल तर दिवसा मोकळ्या सावलीत. म्हणजे लेखकाने बहुतेक सावलीतच मुलांचे फोटो काढले असणार आणि तेच आकडे लिहून दिले, पण उजेड कसा होता ते लिहायचं राहून गेलं! अख्ख्या तक्त्यात उजेडाचा रकानाच नाही. मी पण सुरुवातीला असेच आकडे वहीत उतरवून घेतले होते, पानंच्या पानं, त्यातलं एकही कधी उपयोगी पडलं नाही.

मला हे सगळं कळलं ते डायलच्या क्लिकवरून. बहुतेक कॅमेऱ्यांत डायल एक खट्ट फिरवला की एक तृतीयांश स्टॉप, म्हणजे तीन खट्ट झाले की उजेड दुप्पट नाहीतर निम्मा. अॅपर्चर तीन खट्ट उघडलं तर शटर तीन खट्ट फास्ट करायचं, फोटो तेवढाच उजळ राहतो, फक्त मागचं धूसर होतं. एवढंच गणित आहे हो. मी खिडकीजवळ एक बाटली ठेवून आठवडाभर रोज संध्याकाळी हेच करत बसायचे, घरातले म्हणायचे बाटलीचं पोर्टफोलिओ करतेय का. आणि एफचा आकडा वाढला की भोक लहान का होतं, हे मला कोणी धड सांगितलंच नव्हतं, सगळे म्हणायचे उलटं असतं, पाठ कर. उलटंबिलटं काही नाही, एफ म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेली असते ती) आणि खालचा आकडा भागाकाराचा, ५० मिमीची लेन्स एफ २ ला २५ मिमी उघडते आणि एफ ८ ला जेमतेम ६ मिमी. हे वाक्य लेखात असतं तर निम्म्या लोकांचा गोंधळ तिथेच संपला असता.

पण मॅन्युअल खरं कशासाठी लागतं ते मला भाचीच्या डान्सला समजलं. स्टेजवर मागे काळा पडदा, पुढे स्पॉटलाइटमध्ये ती, आणि माझ्या फोटोत पडदा छान राखाडी आणि तिचा चेहरा म्हणजे नुसता पांढरा ठिपका, नाक डोळे गायब. कारण कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर बिचारा एकच गोष्ट जाणतो, समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आलं पाहिजे. काळं जास्त दिसलं की तो उजळ करतो, बर्फ किंवा पांढरी भिंत दिसली की मळकट करतो. त्याला पडदा कुठला आणि भाची कुठली हे समजत नाही. पुढच्या वेळी मी मॅन्युअलवर १/२५०, एफ २.८, आयएसओ १६०० ठेवून आधी एक फोटो काढला, झूम करून चेहरा बघितला, उजेड थोडा कमी केला, आणि मग पूर्ण डान्स संपेपर्यंत डायलला हात लावला नाही. स्पॉटलाइट बदलत नव्हता मग मी कशाला बदलू. (हे आकडे उतरवून घेऊ नका प्लीज, त्या हॉलचे आहेत.)

चंद्राचंही तेच. ऑटोवर माझा चंद्र कायम पांढरं बटण यायचा आणि मला वाटायचं रात्र आहे म्हणजे उजेड कमीच, आयएसओ अजून वाढवा. नंतर डोक्यात प्रकाश पडला की चंद्रावर ऊनच पडलंय, मग आयएसओ १००, १/१२५, एफ ११ ला त्याच्यावरचे डाग स्वच्छ दिसले. त्या रात्री मला झोप आली नाही खरंच.

आता ‘खरा फोटोग्राफर’ प्रकरण. ऑटो म्हणजे आळशी मोबाईलवाल्यांचं फॅड असं लेखात ध्वनित होतं, पण कॅमेऱ्यानेच शटर आणि अॅपर्चर दोन्ही निवडायचा प्रोग्रॅम मोड १९७८ सालच्या कॅनन ए-१ मध्ये होता, फिल्मच्या काळात. मी स्वतः आज बहुतेक वेळ अॅपर्चर प्रायॉरिटीवर (अॅपर्चर मी ठरवते, शटर कॅमेरा) असते आणि मीटर फसणार असं दिसलं की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करायचा डायल, फिरवते, त्यात कसली लाज? रस्त्यावर ऊनसावली दर पाच पावलांनी बदलते तिथे मॅन्युअलवर खटपट करत बसलं तर समोरचा माणूस निघून जातो. मात्र कुठलाही मोड असो, आकडे बघायचे हे मी नुकसान करून शिकलेय. एकदा आदल्या रात्रीचा आयएसओ ६४०० तसाच राहिला, सकाळी लख्ख उन्हात एफ ८ वर दीडशे फोटो काढले, शटर १/४००० ला जाऊन अडकलं होतं आणि आकडा ब्लिंक करून सांगत होता बाई बघ बघ, मी बघितलाच नाही. दीडशेच्या दीडशे पांढरे, रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) पण काही वाचलं नाही.

तर एक विनंती आहे. तुमच्याकडे वाचकांचे फोटो छापता त्याखाली कॅमेऱ्याचं मॉडेल असतं, त्याने कोणाला काही कळत नाही. त्याऐवजी शटर, अॅपर्चर, आयएसओ द्या आणि उजेड कुठून येत होता ते एका ओळीत त्याच वाचकाकडून लिहून घ्या. आणि अधूनमधून एखादा फसलेला फोटोही छापा, का फसला त्यासकट. माझ्याकडे भरपूर आहेत, कधीही मागा.

आपली,
एक हौशी वाचक