कोपऱ्याचा पिंजरा घेण्याआधी कोपरा तपासावा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान घरांच्या सजावटीविषयी जो लेख आला आहे, त्यात बैठकीच्या खोलीतला रिकामा कोपरा भरून काढण्यासाठी पोपटाचा त्रिकोणी पिंजरा, म्हणजे दुकानदार ज्याला ‘कॉर्नर पिंजरा’ म्हणतात तो, ठेवावा असे सुचवले आहे. अगदी असाच पिंजरा मी दोन वर्षांपूर्वी नातीच्या कॉकाटिएलसाठी (हा डोक्यावर तुरा असलेला छोटा परदेशी पोपट) हौसेने घेतला होता आणि एका उन्हाळ्यात तो बदलावा लागला. आयुष्यभर शाळेत गणित शिकवूनही खरेदीच्या वेळी मला साधी भूमिती आठवली नाही, म्हणून इतर वाचकांना तरी ती वेळेवर आठवावी एवढ्यासाठी हे पत्र.

लेखात नुसता ‘पोपट’ हा शब्द वापरला असल्याने एक खुलासा आधी केला पाहिजे. आपल्याकडे पोपट म्हटले की लाल चोचीचा हिरवा राघूच डोळ्यांसमोर येतो. हुरड्याच्या दिवसांत ज्याला हुसकावण्यासाठी शेतकरी माळ्यावरून गोफण फिरवतो, तो हा पक्षी आणि सातपुड्याच्या जंगलातला त्याचा मोठा भाऊ पहाडी पोपट, हे दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे किंवा घरात पाळणे हा गुन्हा आहे, मग पिंजरा कोणत्याही आकाराचा असो. घरी पाळता येतात ते परदेशी जातींचे, पिंजऱ्यातच पैदास झालेले पक्षी. त्यांपैकी आफ्रिकन ग्रे, मकाऊ, कोन्युअर यांसारख्या बहुतेक पोपटांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. कॉकाटिएल आणि बजरीगर या यादीत येत नाहीत. (आपल्या बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून जी रंगीत जोडी मिळते, ती बहुतेक वेळा बजरीगरचीच असते, खरा लव्हबर्ड हा आखूड शेपटीचा आणि जरा निराळा पक्षी आहे.)

आता भूमिती. दुकानात पिंजरा आपण समोरून पाहतो, आणि त्रिकोणी पिंजऱ्याची सगळ्यांत लांब बाजू नेमकी समोरचीच असते. भिंतीला टेकणाऱ्या दोन बाजू प्रत्येकी २४ इंच असतील, तर समोरची बाजू सुमारे ३४ इंच भरते आणि पिंजरा ऐसपैस वाटतो. प्रत्यक्षात समोरून मागच्या कोनापर्यंतची खोली १७ इंच असते, तळाचे क्षेत्रफळ २८८ चौरस इंच असते, म्हणजे २४ इंची चौकोनी पिंजऱ्याच्या बरोबर निम्मे. याहून बोलका आकडा निराळाच आहे. या त्रिकोणात बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या वर्तुळाचा व्यास अवघा १४ इंच येतो, आणि कॉकाटिएल चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण १२ ते १३ इंच असतो. त्यात एक दांडी, एक वाटी आणि एक झोका टांगला की पक्ष्याने अंग वळवायचे तरी कुठे? दांडी मध्यावर लावली तर तिची लांबी १७ इंचांपेक्षा जास्त होत नाही, आणि डावी-उजवीकडचे दोन्ही अरुंद कोन केवळ शेपटी घासण्यापुरते उरतात.

हे अरुंद कोन नुसते वाया जात नाहीत, ते त्रासही देतात. कॉकाटिएल अंधारात एकाएकी दचकून पिंजराभर फडफडतो, ही त्या जातीची सवयच आहे. आमच्याकडे एकदा रात्री वीज गेली, शेजारच्या इन्व्हर्टरचा आवाज झाला आणि पाखरू उजव्या कोनात अशा रीतीने जाऊन अडकले की टॉर्च लावून मला त्याचा पंख गजांतून सोडवावा लागला. सफाईचा त्रासही याच कोनांत होतो, कारण दाण्यांचा भुसा आणि विष्ठा तिथे साचते आणि हात पोहोचत नाही. शिवाय तळाचा ट्रे त्रिकोणी असल्याने त्यात वर्तमानपत्राची घडी नीट बसत नाही, रोज कात्री घ्यावी लागते. आपल्या अंकाचा हा उपयोग सांगितल्याबद्दल संपादकांनी राग मानू नये.

मात्र कोपऱ्यासाठी केलेले सगळेच पिंजरे असे नसतात, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. काही पिंजरे पंचकोनी असतात: मागे काटकोनात दोन पूर्ण भिंती, दोन्ही बाजूंना आखूड भिंती, आणि समोर तिरकी, अरुंद दर्शनी बाजू. २४ इंची चौकोनाचा एक कोपरा १२ इंचांवर कापला तर समोरची बाजू जेमतेम १७ इंच दिसते, पण आत ५०४ चौरस इंच जागा राहते. समोरून ३४ इंच दिसणाऱ्या त्रिकोणापेक्षा समोरून १७ इंच दिसणारा पंचकोन पक्ष्याला पावणेदोन पट जागा देतो. त्यामुळे दुकानात जाताना टेप घेऊन जावे आणि माप आतून, तळाशी घ्यावे. उंचीला भुलू नये, कारण पक्षी आडवा उडतो, विहिरीतल्या बादलीसारखा वर-खाली होत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही पिंजऱ्याची लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी प्राण्याला पुरेशी हालचाल करता आली पाहिजे असे म्हणतो.

गजांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. बजरीगर आणि लव्हबर्डसाठी दोन गजांमधले अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नसावे. कॉकाटिएलला किंचित जास्त चालते, आफ्रिकन ग्रेला पाऊण ते एक इंच. निदान दोन बाजूंचे गज आडवे असावेत, कारण पोपट चोच टेकवत चढतो. आपल्याकडे बरेच लोक वेल्डिंगवाल्याकडून पिंजरा करून घेतात आणि तो हाताशी असलेली जस्ताचा मुलामा दिलेली जाळी लावतो. पोपट ती दिवसभर कुरतडतो आणि पोटात गेलेले जस्त त्याला विषासारखे बाधते. पैसे असतील तर स्टेनलेस स्टील घ्यावे, नसतील तर चांगले पावडर कोटिंग, आणि रंगाचे पापुद्रे निघू लागले की वापर थांबवावा.

खरा मुद्दा मात्र पिंजऱ्यापेक्षा कोपऱ्याचा आहे. पिंजरा कोपऱ्यात ठेवावा हा सल्ला मुळात थंड मुलखांतला. तिथे दोन बाजूंच्या भिंती गार झोतापासून आडोसा देतात, आणि पाठीमागून कोणी येणार नाही या भरवशावर पक्षी शांत बसतो. हा दुसरा फायदा आपल्याकडेही खरा आहे, पहिला नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा स्लॅबच्या घरातला दक्षिण आणि पश्चिम भिंतींचा कोपरा म्हणजे भट्टीच. या भिंती दुपारभर ऊन पितात आणि ते रात्री दहापर्यंत खोलीत सोडत राहतात. माझा पिंजरा नेमका तिथेच होता. पक्ष्याला घाम येत नाही. तो चोच उघडी ठेवून धापा टाकतो आणि पंख अंगापासून दूर धरतो. आमच्या घरी हे सर्वांत आधी ओळखले ते भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी. ‘पाखरूले बी ऊन लागस,’ एवढेच अहिराणीत म्हणून त्यांनी पिंजरा उचलून आतल्या खोलीच्या दारात नेला. गावाकडच्या धाब्याच्या घरात, जाडजूड मातीच्या भिंतींजवळ, हा प्रश्न इतका तीव्र झाला नसता असे वाटते.

तेव्हा कोपरा निवडताना उन्हाळ्यातल्या संध्याकाळी सहा वाजता दोन्ही भिंतींवर तळहात ठेवून पाहावे; हात टेकवत नसेल तर तो कोपरा पक्ष्याचा नाही. शक्यतो घराच्या आतल्या, उन्हाशी संबंध नसलेल्या भिंतींचा कोपरा घ्यावा आणि तिथेही पिंजरा भिंतीला चिकटवू नये, चार-सहा इंच वारा खेळायला सोडावेत. उकाडा आहे म्हणून पिंजरा कूलरच्या तोंडासमोर ठेवणे हीदेखील चूक आहे: ओल्या हवेच्या सततच्या झोताने पक्षी आजारी पडतो आणि वाटीतल्या दाण्यांना बुरशी येते. स्वयंपाकघराजवळचा कोपरा तर नकोच, कारण नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवायच्या आत पोपटाचा जीव घेऊ शकतो.

आता आमच्याकडे साधा आयताकृती पिंजरा आहे, ३४ इंच लांब आणि १७ इंच खोल. समोरून तो त्या त्रिकोणाएवढाच दिसतो, पण आत जागा दुप्पट आहे. एक बाजू माजघराच्या भिंतीकडे, दुसरी कपाटाकडे, म्हणजे आडोसाही झाला. दुकानातल्या गुळगुळीत दांड्या काढून त्यात कडुनिंबाच्या आणि पेरूच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या लावल्या आहेत.

आपल्या पुरवणीला विनंती एवढीच की, पुढच्या वेळी असा सल्ला छापताना पिंजऱ्याची आतली मापे आणि देशी पोपटांबाबतचा कायदा यांना दोन ओळी तरी जागा द्यावी. जुना त्रिकोणी पिंजरा दोन जणांनी फुकट मागितला, पण पक्ष्यासाठी हवा आहे हे कळल्यावर मी दिला नाही. सध्या तो गच्चीच्या जिन्याखाली, तशाच एका तापट कोपऱ्यात आहे आणि त्यात आम्ही लसणाच्या जुड्या ठेवतो. त्यांना तिथली कोरडी हवा चांगली मानवते.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त गणित शिक्षक, जळगाव