मिझुकीबद्दल, राहिलेलं सगळं

प्रिय नित्या,

परवा फोनवर मिझुकीचं नाव काढलं तर तू म्हणालास "तो भुतांची कॉमिक्स काढणारा ना" आणि लगेच विषय बदललास, पण मला काही राहवेना म्हणून सविस्तर लिहितोय.

शिगेरु मिझुकी, जन्म १९२२, वाढला जपानमधल्या साकाइमिनातो नावाच्या बंदराच्या गावात. तिथे नोन्नोनबा नावाची एक म्हातारी त्याला योकाईंच्या, म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. छतावर डाग दिसला की म्हणायची, रात्री छत चाटणारं भूत येऊन गेलंय! पोराच्या डोक्यात ते कायमचं बसलं.

मग दुसरं महायुद्ध. त्याला आताच्या पापुआ न्यू गिनीतल्या रबाउलला पाठवलं. एका पहाटे तुकडीवर हल्ला झाला, बाकीचे सगळे मेले, हा एकटा समुद्रातून जंगलातून कसाबसा जीव वाचवून छावणीत पोचला तर वरिष्ठ विचारतात, सगळे मेले मग तू का परत आलास? विचार कर रे. पुढे मलेरिया झाला, त्यातच बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. १९७३ मध्ये त्यानं या सगळ्यावर मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, काढली, त्यातलं नव्वद टक्के खरं आहे असं त्यानं स्वतःच लिहिलंय. सैनिकांचे चेहरे अगदी साधे, कार्टूनसारखे, आणि मागचं जंगल मात्र फोटोसारखं बारीक, पान न् पान काढलेलं. ती पानं बघून मला खरंच गलबलून आलं.

परत आल्यावर कामिशिबाई, म्हणजे रस्त्यावर चित्रं दाखवून गोष्ट सांगायचे ना, त्याची चित्रं काढली, मग भाड्यानं वाचायला मिळायच्या त्या पुस्तकांसाठी मांगा, पैसा जेमतेम. डावा हात नाही तर खांद्यानं कागद दाबून धरायचा आणि उजव्यानं काढायचा. १९६५ ला कोदान्शा या प्रकाशन संस्थेचा पुरस्कार मिळाला तेव्हा कुठे दिवस पालटले, त्रेचाळिशीत! १९६८ ला त्याच्या मांगावरचं 'गेगेगे नो कितारो' हे कार्टून टीव्हीवर आलं आणि घराघरात पोचलं. त्यात कितारो या योकाई पोराचा बाप म्हणजे नुसता एक डोळा आहे, वाटीतल्या गरम पाण्यात अंघोळ करतो, मला तो फार आवडतो.

"तू का परत आलास" असं ज्याला विचारलं तो माणूस ९३ वर्षं जगला आणि शेवटपर्यंत काढत राहिला, २०१५ ला गेला. म्हणून त्याला नुसता भुतांवाला म्हटलं की मला लागतं.

युद्धाचं पुस्तक कुरिअरनं पाठवतोय, आधी तेच वाच, कितारो नंतर. वाचून झालं की फोन कर, रात्री कितीही वाजू देत.

तुझा,
मंद्या