उघाडीची झडप आणि स्वयंचलित दारे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खारभूमीच्या, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेल्या शेतीच्या, उघाड्यांना (बांधातून पाणी बाहेर सोडणाऱ्या दारांना) मोटर आणि सेन्सर बसवून आतल्या पाण्याची पातळी आपोआप राखावी, अशी सूचना हल्ली आमच्या भागातील बैठकांतून वारंवार ऐकू येते. तिला माझा विरोध नाही. मात्र आमची उघाडी मुळातच स्वयंचलित आहे, याचा विसर पडू नये. भरती चढू लागली की खाडीचे पाणी तिची बिजागरीवरची झडप बाहेरून रेटून बंद करते, आणि ओहोटीला खाडी आतल्या पाण्याखाली उतरली की शेतातले पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडते. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, पण झडपेला ना वेळापत्रक लागते, ना वीज. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, हे मोटरवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

खोट आहे ती देखभालीत. गेल्या भाद्रपदी अमावास्येच्या उधाणात आमच्या झडपेत हातभर ओंडका अडकला, चार बोटे फट राहिली आणि दोन भरत्यांत खारे पाणी पोटरीतल्या (लोंबी बाहेर पडण्याआधीच्या) भातात शिरले. बिजागरी गंजल्याचा अर्ज त्याआधी दोनदा दिला होता; पोच मिळाली, माणूस आला नाही. अशा बिजागरीवरचा सेन्सर फार तर पाणी शिरल्याचे मोबाइलवर कळवील, आणि ते तर बांधावरून दिसतच होते.

नव्या यंत्रणेची खरी गरज आश्विनात भासते. दाणा भरताना गोडे पाणी शेतात धरायचे असते, पण झडप ते प्रत्येक ओहोटीला सोडून देते, म्हणून आम्ही आतल्या खाचांत फळ्या टाकतो आणि अवेळी पाऊस कोसळला की मध्यरात्री बॅटरी घेऊन त्या काढायला धावतो. या फळ्यांच्या जागी, विसाव्या शतकात फ्रान्समधील कालव्यांवर रूढ झाली तशी, तरंगत्या पोकळ भागाच्या व प्रतिभाराच्या जोरावर विजेविना पातळी राखणारी दारे एखाद्या उघाडीवर बसवून पाहावीत. बाहेरची झडप मात्र आहे तशीच ठेवावी. तोवर दर वैशाखात बिजागऱ्या तपासाव्यात, झडपेच्या चौकटीला चिकटलेली कालवे (शिंपले) खरवडावीत आणि प्रत्येक उघाडीवर गावातलाच एक माणूस मानधनावर नेमावा.

आपला,
एक खारभूमी शेतकरी
ता. अलिबाग, जि. रायगड