गल्लीतल्या टेम्पोंचे काय झाले

पुणे,
३१ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत फोनवर तू "त्या टेम्पोंचे पुढे काय झाले?" असे विचारलेस आणि मी "सविस्तर लिहीन" असे सांगून विषय टाळला. टाळण्याचे कारण एवढेच, की त्या वेळी ते प्रकरण माझ्यावरच उलटले होते. आता ते एकदाचे मार्गी लागले आहे, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमची गल्ली तुला ठाऊकच आहे. वीस फुटांचा रस्ता, दोन्ही अंगांना जुने बंगले आणि पुढे भिंत, म्हणजे आलेल्या वाटेनेच मागे फिरायचे. डावीकडच्या शेजाऱ्यांचा मांडवाचा धंदा पूर्वी एका टेम्पोवर चालत असे. तुझ्या पुतणीच्या लग्नाचा मांडवही त्यांनीच घातला होता. त्यांच्या पश्चात मुलाने धंदा वाढवला आणि एकाचे चार टेम्पो झाले, त्यांपैकी दोन छोटे हत्ती आणि दोन मोठे. गोडाऊन शहराबाहेर आहे, पण मुक्कामाला चारही गाड्या घरासमोर. छोट्या हत्तींचे कुणाला फारसे काही वाटत नाही. मोठ्या टेम्पोची रुंदी मात्र साडेसहा फूट, समोर उभ्या असलेल्या मोटारीची साडेपाच, आणि दोन्हींनी भिंतीपासून सोडलेली थोडी थोडी जागा धरली तर मधे जेमतेम सात फूट उरतात. त्यामुळे घंटागाडी कोपऱ्यावरच थांबू लागली आणि सगळी गल्ली सकाळी बादल्या घेऊन तिच्यामागे धावू लागली.

मला सर्वांत जास्त चीड कशाची येत असे, सांगू? दगडांची. रात्री टेम्पो लावला की क्लीनर मागच्या चाकाखाली दगड सरकवतो आणि सकाळी गाडी निघून जाते, दगड मात्र तिथेच राहतात. दिवसभर ते चार-चार दगड रस्त्यात अशा ऐटीत बसलेले असत की एखाद्या पाहुण्यानेसुद्धा त्या मोकळ्या जागेत आपली गाडी लावू नये. रस्ता महापालिकेचा आणि जागा दगडांची! त्यात लग्नसराईत रात्री दीड-दोनला लोखंडी पाइप हौद्यातून काढून दुसऱ्या गाडीत भरण्याचा कार्यक्रम चाले. एक पाइप दुसऱ्यावर पडला की आधी खणकन आवाज होई, मग आमच्या खिडकीच्या काचा थरथरत, आणि मग कोपऱ्यावरची कुत्री सुरू होत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे मी तेव्हाच वाचून ठेवले होते. वाचून झोप लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

तरी आम्ही गप्प होतो. ऑगस्टमध्ये समोरच्या आजींना रात्री धाप लागली, रुग्णवाहिका आली आणि कोपऱ्यावर अडकली. ड्रायव्हर येऊन टेम्पो काढेपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून भर पावसात आम्ही चौघांनी आजींना स्ट्रेचरवरून कोपऱ्यापर्यंत नेले. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती, आणि आजी तशाही अवस्थेत मला म्हणाल्या, "अरे, तू भिजतोयस." आजी आता बऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्याच्या मुलाकडे गेलो. तो उर्मट असेल अशी तयारी करून गेलो होतो, आणि तो तर चहा मागवून खाली मान घालून बसला. "काका, गोडाऊनपाशी उघड्यावर गाडी लावली की सकाळी बॅटरी नसते. दोनदा डिझेल काढून नेलं. राखणदार ठेवला तर त्याचा पगार मांडवाच्या भाड्यात बसत नाही," असे तो म्हणाला. त्याचे खोटे नव्हते. पण त्याच्या बॅटरीची राखण आमच्या गल्लीने का करावी, हा माझा प्रश्नही खोटा नव्हता.

मग मी अर्ज लिहिला. तुला माझी सवय माहीत आहे. निवृत्तीनंतर कायद्याची कलमे वाचणे हा माझा एकमेव शौक उरला आहे. रस्ता अडवण्याबद्दल जुन्या दंड संहितेच्या २८३ कलमात जास्तीत जास्त २०० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८५ कलमात तो ५,००० रुपयांपर्यंत गेला आहे, हे मी ठळक अक्षरांत लिहिले. मोटार वाहन कायद्याचे १२७ कलमही घातले, ज्यानुसार सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारशासारखे सोडून दिलेले वाहन पोलिसांना उचलून नेता येते. चौदा घरांच्या सह्या घेतल्या आणि अर्ज वाहतूक शाखेत दिला.

पंधरा दिवसांनी एक हवालदार पाहणीला आले. त्यांनी अर्ज वाचला, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "काका, ही पिवळ्या पाटीची वाहनं सकाळी सहाला निघतात, रात्री अकराला येतात. दहा तास कुठे भरतात? ही पांढऱ्या पाटीची गाडी मात्र कधीपासून उभी आहे? हिच्या काचेवर तर पोरांनी चित्र काढलंय."

ती गाडी माझी होती. काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने गणपती काढला होता, आणि गणपती जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

पोर्चला जाळी लावून मी भाडेकरूसाठी खोली काढली, हे तुला माहीत आहेच, तू तेव्हा "गाडी कुठे ठेवणार?" असे विचारलेही होतेस. हवालदारांनी पुढे जे समजावले ते मला कुठल्याही पुस्तकात सापडले नव्हते. गाडी धंद्याची आहे एवढ्यावरून तिला या रस्त्यावरून हटवता येत नाही. नो पार्किंगची अधिसूचना नाही, फलक नाही, तर उभे राहण्यापुरती पिवळी पाटी आणि पांढरी पाटी सारखीच. प्रत्यक्ष अडथळा झाला तर त्या वेळी कारवाई होईल. कायमचे हवे असेल तर फलक मागा, पण तो सगळ्यांना लागू होईल.

हे ऐकून चौदांपैकी नऊ जणांनी सह्या मागे घेतल्या. आमच्या गल्लीत पोर्चमध्ये खोल्या, दुकाने आणि एक शिकवणीचा वर्ग आहे. गाड्या सगळ्यांच्याच रस्त्यावर. टेम्पो नकोत यावर एकमत होते, गाड्या नकोत यावर कसे होणार? शेवटी पी-१, पी-२ ची मागणी करायचे ठरले, म्हणजे विषम तारखेला एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या. एक बाजू कायम मोकळी राहिली की रुग्णवाहिका आत येते, एवढाच माझा हिशेब होता. या कागदावर शेजाऱ्याच्या मुलानेही सही केली, आणि आपणहून केली. फलक लागायला डिसेंबर उजाडला. एका अंगाला चार टेम्पो आणि सगळ्यांच्या मोटारी मावत नाहीत, तेव्हा दोन मोठे टेम्पो त्याने गोडाऊनला हलवले आणि शेजारच्या गोडाऊनवाल्याबरोबर निम्म्या पगारात राखणदार ठेवला. हे त्याला ऑगस्टमध्येच करता आले असते, असे मला अजूनही वाटते. त्यालाही माझ्या पोर्चबद्दल काही वाटत असणारच. पाइप आता गोडाऊनलाच उतरतात. दगड गेले, त्यांतले दोन मी तुळशीच्या कट्ट्याला लावले आहेत.

माझे म्हणशील तर रोज रात्री जेवण झाले की किल्ली घेऊन खाली उतरतो आणि गाडी या अंगाची त्या अंगाला करतो. त्याच वेळी तो मुलगाही आपले छोटे हत्ती हलवत असतो, मी मागे घेताना हात दाखवतो, "येऊ द्या, काका, येऊ द्या" म्हणतो. आज ती कटकट नाही. आज ३१, उद्या १, दोन्ही तारखा विषम, त्यामुळे गाडी आहे तिथेच राहील आणि मला हे पत्र सावकाश लिहिता आले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मार्चमध्ये येणार असशील तर तारीख आधी कळव. सम असेल तर गाडी आमच्या फाटकाच्या बाजूला लावता येईल.

तुझा,
जुना मित्र